तंबू वाजवून घ्या



मे महिना संपत आला की आमच्या भंडारदऱ्याच्या बाजूला मुंबई, नाशिक, पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. पहिला पाऊस पडायच्या आधीचे दोन-तीन आठवडे इथल्या झाडांवर काजवे लखलखतात. ते बघायला लोक पोराबाळांसह येतात आणि काजवे रात्रीच दिसत असल्यामुळे मुक्काम करावाच लागतो. त्यामुळे अकोले तालुक्यातल्या बऱ्याच गावांमध्ये आता तंबूची सोय झाली आहे. आमच्या बचत गटानंही तीन वर्षांपूर्वी हेच काम हाती घेतलं.

आज आम्ही तुमच्याशी बोलणार आहोत ते तंबूविषयी. गाडीतून येणाऱ्या कुटुंबासाठी परवडेल आणि टिकेल असा तंबू कसा निवडायचा, दुकानात काय विचारायचं, घरी आणल्यावर काय तपासायचं, हे सांगणार आहोत. तुमचा गट असा व्यवसाय करणार असेल तर हे उपयोगी पडेलच. पण घरची जीप काढून देवदर्शनाला, जत्रेला किंवा मुलांना किल्ला दाखवायला जाणार असाल, तरीही उपयोगी पडेल.

आधी आमची चूक सांगतो, म्हणजे पुढचं का सांगतोय ते कळेल.

आम्ही गटाच्या अंतर्गत कर्जातून २०,००० रुपये काढले आणि प्रत्येकी २,५०० रुपयांचे आठ तंबू आणले. पिशवीवर लिहिलं होतं, ‘चार माणसांसाठी’ आणि ‘वॉटरप्रूफ’. चित्रही सुंदर होतं. आम्ही दर विचारला, थोडी घासाघीस केली आणि घेऊन आलो. मेच्या शेवटच्या शनिवारी सहा कुटुंबं आली. संध्याकाळी आभाळ स्वच्छ होतं. रात्री अकराच्या सुमाराला घाटाकडून वारं सुटलं आणि वळवाचा पाऊस आला. जेमतेम अर्धा तास पडला असेल. तेवढ्यात तीन तंबूंच्या काठ्या मोडल्या, एकीचं टोक कापडातून बाहेर आलं. उरलेल्या तंबूंमध्ये शिवणींतून पाणी गळत होतं. एका तंबूत अंगावर पिणारं बाळ होतं. त्याची आई भिजलेल्या अंथरुणावर बाळाला खांद्याशी धरून बसली होती. तिचा चेहरा आम्ही अजून विसरलेलो नाही.

सगळ्यांना आम्ही आमच्या घरांमध्ये आणलं, कोरडे कपडे दिले, चहा केला. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. सकाळी सगळ्यांचे पैसे परत दिले. हप्ता मात्र आम्हालाच फेडायचा होता. गटाच्या बैठकीत आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, “मडकं घेताना आपण दहा वेळा वाजवून बघतो. आणि हे अडीच हजाराचं घेताना पिशवीसुद्धा उघडली नाही.”

तेव्हापासून आम्ही तंबू वाजवून घ्यायला शिकलो. शिवणकाम करणाऱ्या आमच्या एका ताईंनी मोडके तंबू उसवून सगळ्यांना दाखवले. पाणी कुठून आलं, काठी का मोडली, ते तिथंच कळलं. दुसऱ्या गावच्या कॅम्पवाल्यांना विचारलं, दुकानांत जाऊन चार-चार तंबू उघडून बघितले. त्यातून जे समजलं ते असं.

‘चार माणसांचा’ म्हणजे किती माणसांचा?

तंबूवर लिहिलेला आकडा हा चार चटया एकमेकींना चिकटवून टाकल्या तर मावतील, एवढाच असतो. एका चटईची रुंदी धरतात ५५ ते ६० सेंटीमीटर, म्हणजे दोन फुटांपेक्षा थोडी कमीच. त्यात पिशव्या, पाण्याची बाटली, चपला, कूस बदलायला जागा, यांतलं काहीही धरलेलं नसतं. चार माणसांचा साधा तंबू आतून साधारण सात फूट बाय आठ फूट भरतो. घरच्या फरशीवर खडूनं एवढी चौकट आखा आणि घरातली चार माणसं त्यात झोपवून बघा. लगेच कळेल.

मोठ्या माणसाला अडीच फूट आणि लहान मुलाला दोन फूट रुंदी धरा. वर सामानाला दोन-तीन फुटांची पट्टी सोडा. म्हणजे आईबाप आणि दोन मुलांच्या कुटुंबाला ‘सहा माणसांचा’ तंबू लागतो. लांबी आतून सात फूट तरी हवी. डोकं किंवा पाय कापडाला टेकले की तिथून अंथरूण ओलं होतं.

उंचीचंही बघा. मधोमध चार फूट उंचीच्या तंबूत साडी नेसता येत नाही. आजीबाईंना रांगत आत जावं लागतं आणि गुडघे दुखणाऱ्या बाईला रात्री उठून बाहेर येणं म्हणजे शिक्षाच. कुटुंबासाठी मधली उंची सहा फुटांच्या आसपास असलेली बरी. पण खूप उंच आणि सरळ भिंतींचा तंबू वाऱ्याला जास्त अडतो. आमच्यासारख्या उघड्या माळावर फार उंच तंबू नको. घुमटाच्या आकाराचा, वारा वरून घसरून जाईल असा बरा पडतो.

घुमटाकार तंबूचा आणखी एक फायदा आहे. त्याच्या काठ्या एकमेकींवरून गेलेल्या असतात, त्यामुळे तो खुंट्यांशिवायही उभा राहतो. आमच्याकडे वीतभर मातीखाली कातळ लागतो. खुंटी शिरत नाही तिथं असा तंबू दगड बांधून स्थिर करता येतो. बोगद्यासारखा लांब तंबू आतून ऐसपैस असतो, पण त्याला खुंट्या आणि ताण भक्कम लागतात. आपल्या जमिनीचा विचार करूनच आकार ठरवा.

वजनाची भीती नको

पाठीवर तंबू घेऊन डोंगर चढणाऱ्याला हलका तंबू लागतो आणि टिकाऊपणा राखून हलकं करायचं म्हणजे किंमत वाढते. गाडीनं जाणाऱ्याला ती अडचण नाही. दहा-बारा किलोचा तंबू डिकीत सहज जातो. तेव्हा हलक्या वजनासाठी जास्त पैसे मोजू नका. तेच पैसे जाड काठी, जाड तळ आणि चांगल्या शिवणीसाठी मोजा.

छत्रीसारखे एका झटक्यात उघडणारे तंबूही मिळतात. लावायला सोपे असतात हे खरं. पण त्यांचा एखादा सांधा मोडला तर दुरुस्ती अवघड होते. साध्या काठीचा तुकडा मात्र बदलता येतो.

कापड एक की दोन?

हा प्रश्न आम्ही पहिल्यांदा विचारलाच नव्हता. आमचे तंबू एकेरी कापडाचे होते. वर नुसती टोपीएवढी झाकणी होती.

चांगल्या तंबूला दोन कापडं असतात. आत जाळी आणि पातळ कापडाची खोली, आणि तिच्यावरून पावसाचं झाकण. हे झाकण चारही बाजूंनी जमिनीच्या जवळ, वीतभर अंतरापर्यंत यायला हवं. नुसती टोपी असली की वाऱ्याबरोबर येणारा तिरका पाऊस थेट आत घुसतो. आपल्याकडचा वळीव तर तिरकाच येतो.

दोन कापडांचं दुसरंही कारण आहे. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि घामातून रात्रभर ओल बाहेर पडते. चार माणसं असली की ती बरीच होते. बाहेर गारवा असला की ही ओल कापडाला आतून दवासारखी धरते आणि पहाटे अंगावर थेंब पडतात. मग आपण म्हणतो तंबू गळतोय. दोन कापडं असली की दव बाहेरच्या झाकणाला धरतं आणि आतली खोली कोरडी राहते. त्यासाठी दोन्ही कापडांमध्ये वीतभर पोकळी हवी. झाकण नीट ताणलं नाही आणि ते आतल्या कापडाला चिकटलं, की दोन कापडांचा उपयोगच संपला. वर आणि खाली हवा खेळायला झरोके असलेला तंबू घ्या आणि पावसातही ते पूर्ण बंद करू नका.

आकडे वाचायला शिका

पिशवीवर काही आकडे असतात. ते आपल्यासाठी नाहीत असं समजू नका. बँकेचं पासबुक वाचतो तसं हे वाचता येतं.

पहिला आकडा पाण्याचा. १,०००, २,०००, ३,००० मिलिमीटर असं लिहिलेलं असतं. कापडावर एक उभी नळी ठेवून तिच्यात पाणी भरतात. किती उंच भरल्यावर कापडातून पाणी झिरपायला लागतं, ती ही उंची. २,००० म्हणजे दोन मीटर उंच पाण्याचा दाब सोसणारं कापड. वरच्या झाकणाला २,००० असेल तर आपल्याकडच्या वळवाला चालतं. पावसाळ्यात वापरायचा असेल तर ३,००० बघा. तळाला यापेक्षा जास्त हवा. कारण तळावर आपण बसतो, गुडघे टेकतो आणि त्या दाबानं खालचं पाणी वर येतं. तळाला ३,००० ते ५,००० असावा. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ लिहिलं असेल आणि आकडा नसेल, तर तो तंबू पावसाचा समजू नका.

दुसरा आकडा कापडाचा, आणि इथं फसगत होते. ‘डी’ म्हणजे डेनियर. ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका तो धागा डेनियरचा. आकडा मोठा म्हणजे धागा जाड. ‘टी’ म्हणजे एका चौरस इंचात किती धागे आहेत त्याची संख्या. म्हणजे २१० डी आणि २१० टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २१० डी हे दप्तरासारखं जाडसर कापड, तर २१० टी हे छत्रीसारखं पातळ असू शकतं. दुकानदार नुसतं “दोनशे दहाचं आहे ताई” म्हणाला तर विचारा, डी की टी? आम्ही विचारायला लागल्यापासून दुकानात आमच्याशी बोलण्याची पद्धतच बदलली. झाकणाला ७० डी किंवा त्याहून थोडं जाड कापड आणि तळाला १५० ते २१० डी असेल तर कुटुंबाच्या वापराला पुरतं. काही तंबूंचा तळ विणलेल्या ताडपत्रीसारख्या प्लॅस्टिकचा असतो. तो जड असतो, पण दणकट असतो आणि आपल्याला चालतो.

तिसरं, धागा कशाचा आहे ते बघा. पॉलिस्टर की नायलॉन? नायलॉन मजबूत असतं, पण ओलं झालं की सैल पडतं आणि कडक उन्हानं लवकर कुजतं. दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या तंबूला पॉलिस्टर बरं. कापडात बारीक चौकडीची वीण दिसत असेल तर आणखी चांगलं. त्या विणीमुळे छोटं भोक पडलं तरी कापड पुढं टरकत जात नाही.

मंडपवाल्याकडून जाड सुती कॅनव्हासची राहुटी शिवून घेणं हाही एक मार्ग आहे. ती आतून थंड राहते, दव कमी धरते आणि फाटली तर गावात शिवता येते. मात्र ती फार जड असते आणि ओली गुंडाळली की बुरशी येते. नवी राहुटी आधी दोन-तीन वेळा भिजवून वाळवावी लागते. मग धागा फुगून शिवणीची भोकं मिटतात. एका जागी हंगामभर उभी ठेवायची असेल तर तिचा विचार करा. गाडीतून नेण्या-आणण्यासाठी ती नको.

पाणी शिवणीतून येतं

आमच्या ताईंनी तंबू उसवला तेव्हा सगळ्यात आधी हेच दाखवलं. कापड ठीक होतं. पण सुईनं पाडलेल्या हजारो भोकांवर आतून पट्टीच नव्हती. पाणी तिथून आलं.

झाकण उलटं करून बघा. प्रत्येक शिवणीवर आतल्या बाजूनं पारदर्शक पट्टी गरम करून चिकटवलेली असायला हवी. बोटानं चाचपा. पट्टी सुटलेली, सुरकुतलेली किंवा मध्येच तुटलेली नको. तळाची शिवण कुठं आहे तेही बघा. तळाचं कापड घमेल्याच्या काठासारखं चार-सहा इंच वर आलेलं असावं आणि शिवण त्या उंचीवर असावी. शिवण जमिनीलगत असेल तर साचलेलं पाणी आत येणारच.

तळ आतल्या खोलीला सलग शिवलेलाच हवा. पावसाच्या तोंडावर विंचू आणि साप बाहेर पडतात. तळ सुटा असलेला तंबू कितीही स्वस्त मिळाला तरी मुलांना त्यात झोपवू नका.

काठी, चेन, खुंटी

स्वस्त तंबूच्या काठ्या फायबरच्या असतात. फायबर वाईट नाही, पण जाडी बघा. आमच्या मोडलेल्या काठ्या बोटाच्या करंगळीपेक्षाही बारीक, सात मिलिमीटरच्या होत्या. कुटुंबाच्या मोठ्या तंबूला साडेनऊ ते अकरा मिलिमीटरची काठी हवी. फायबर मोडलं की चिरफाळतं आणि त्याची कुसळं हातात घुसतात, म्हणून मोडकी काठी उघड्या हातानं धरू नका. ॲल्युमिनियमची काठी महाग असते, पण ती आधी वाकते आणि बऱ्याचदा सरळ करून रात्र निभावता येते. कोणतीही घ्या, सुटा तुकडा मिळतो का ते विचारा. तुटलेल्या जागी चढवायची वीतभर पोकळ नळी सोबत ठेवा. नळी चढवून दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळली की काम भागतं.

चेन वीस वेळा उघड-झाक करून बघा. एका हातानं सरकली पाहिजे. शेजारचं कापड तिच्यात अडकत असेल तर तो तंबू परत ठेवा. रात्री अंधारात रडणाऱ्या मुलाला घेऊन बाहेर पडताना चेन अडकली की काय होतं ते आम्ही पाहिलं आहे. जाळी डास अडवेल इतकी बारीक हवी. मोठ्या तंबूला दोन दारं असली तर फार सोयीचं.

तंबूबरोबर येणाऱ्या खुंट्या बहुतेक वेळा तारेएवढ्या असतात. आमच्या मुरमाड जमिनीत त्या पहिल्याच घावाला वाकल्या. आम्ही लोहाराकडून फूटभर लांबीच्या, डोक्याला आकडा असलेल्या सळईच्या खुंट्या करून घेतल्या. खुंटी तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेली ठोकायची आणि तणावा, म्हणजे ताणाची दोरी, तिला काटकोनात यावी. सगळे तणावे बांधायचे. हवा शांत आहे म्हणून सोडून द्यायचे नाहीत. आमची ती रात्रही शांतच सुरू झाली होती. दोऱ्या पांढऱ्या किंवा पिवळ्या ठेवा, म्हणजे रात्री पाय अडकत नाहीत.

स्वस्त कोणता, महाग कोणता

आता हिशोब. समजा, २,५०० रुपयांचा तंबू पंधरा रात्री टिकला. एका रात्रीला साधारण १६७ रुपये पडले. समजा, ९,००० रुपयांचा तंबू नव्वद रात्री टिकला. एका रात्रीला १०० रुपये पडले. मग महाग कोणता? शिवाय भिजलेल्या कुटुंबाला परत दिलेले पैसे आणि गेलेलं नाव या हिशोबात धरलेलंच नाही.

पण याचा अर्थ सगळ्यात महाग घ्यावा असा नाही. वर्षातून दोन रात्री, हिवाळ्यात, गाडी शेजारी उभी करून वापरणार असाल तर मधल्या किमतीचा, पट्टी मारलेल्या शिवणींचा तंबू पुरतो. बर्फासाठी, हिमालयासाठी केलेल्या तंबूचे पैसे आपण का भरायचे? आपला पाऊस, आपलं वारं, आपलं ऊन आणि आपली माणसं एवढंच डोळ्यांपुढे ठेवा. गटासाठी घेत असाल तर आठ कच्चे घेण्यापेक्षा चार पक्के घ्या. आणि चारही एकदम घेऊ नका. आधी एक घ्या, तपासा, मग बाकीचे घ्या. पक्कं बिल घ्या आणि परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते त्यावर लिहून घ्या. सगळी तपासणी त्या मुदतीच्या आत उरकायची.

घरी आणल्यावर वाजवा

तपासणी सोपी आहे. अंगणात तंबू पूर्ण उभा करा, सगळे तणावे बांधा. आधी अंधारात एक जण आत बसा आणि बाहेरून दुसरीनं बॅटरी फिरवायची. जिथं उजेडाचा ठिपका दिसेल तिथं भोक आहे. मग आत तळावर जुनी वर्तमानपत्रं पसरा आणि नळीनं किंवा झारीनं वरून पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडा. वरून सोडाच, शिवणींवर बाजूनं तिरकंही मारा. आत जाऊन कागद बघा. ओला डाग जिथं पडला तिथली शिवण कच्ची. डाग फार असतील तर तंबू वाळवून परत करा. एखाद-दुसरा असेल तर शिवण बंद करायचं सीम सीलर मिळतं. स्वच्छ, कोरड्या शिवणीवर ब्रशनं लावून ते एक दिवस वाळू द्यायचं. तंबूचा लेप पीयू आहे की सिलिकॉन ते लेबलवर बघून त्याच जातीचं घ्या. एकाचं दुसऱ्यावर नीट धरत नाही.

नंतर घरातल्या सगळ्यांनी एक रात्र त्यात झोपून बघा. अंगणातली अडचण अंगणातच सुटते. रानात गेल्यावर सुटत नाही.

जागा आणि जपणूक

कितीही चांगला तंबू चुकीच्या जागी लावला तर वाया जातो. ओढ्याच्या पात्रात, धरणाखालच्या नदीकाठी आणि खोलगट जागी लावू नका. एकट्या उंच झाडाखाली नको, वळवात वीज पडते, वाळकी फांदी पडते. दार वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवा. तळाखाली ताडपत्री अंथरली तर तळ टिकतो, पण ती तंबूच्या कडेबाहेर येऊ देऊ नका. बाहेर आलेली कड झाकणावरून येणारं पाणी धरते आणि तेच तळाखाली नेते. आम्ही पहिल्या वर्षी हेही केलं होतं.

एक गोष्ट फार महत्त्वाची. तंबूच्या आत चूल, शेगडी, गॅस, मच्छर अगरबत्ती, मेणबत्ती काहीही पेटवायचं नाही. हे कापड क्षणात वितळून पेट घेतं. आणि कोळशाची शेगडी आत ठेवली तर कार्बन मोनॉक्साईड वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेली माणसं झोपेतच जातात. थंडी असली तर जादा गोधडी द्या, शेगडी देऊ नका. चूल तंबूपासून दूर, ठिणगी वाऱ्यानं उलट दिशेला जाईल अशी मांडा.

तंबू लवकर खराब होतो तो उन्हानं आणि ओलीनं. पाहुणे नसतील त्या दिवशी तंबू उतरवा. सावलीत वाळवा. ओला गुंडाळला की बुरशी येते आणि आतला लेप चिकट होऊन सुटतो. घाईत ओला उतरवावा लागला तर घरी आल्याबरोबर वळणीवर टाका. कपडे धुण्याच्या यंत्रात घालू नका. साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं पुसा. चेनीतली माती जुन्या दातांच्या ब्रशनं काढा. पावसाळ्याआधी एकदा सगळे तणावे, काठ्या, खुंट्या मोजून ठेवा.

ज्या गटांना तंबूचा व्यवसाय करायचा आहे त्यांनी जागेची परवानगी आधी घ्या. आमचा बराचसा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथं वनखात्याला विचारल्याशिवाय काही करता येत नाही. ग्रामपंचायतीलाही कळवा. आणि जवळ एक पक्कं छप्पर हाताशी ठेवा, शाळेची खोली, देवळाचा मंडप, आपली घरं. वारं वाढलं तर तंबू सोडून माणसं तिकडं हलवायची. हे पाहुण्यांना आल्या आल्या सांगायचं. त्यात कमीपणा नाही.

आमचं पुढं काय झालं? त्याच जूनमध्ये आम्ही गटाच्या पैशातून एकच चांगला तंबू आणला. आमच्या अंगणात तो पावसात उभा ठेवला आणि रोज सकाळी आत हात फिरवून बघितलं. मग दुसऱ्या वर्षी आणखी चार घेतले. जुन्यांपैकी जे धड होते त्यांच्या शिवणी बंद करून ते सामान ठेवायला वापरतो. त्यात माणसं झोपवत नाही. गेल्या मेमध्ये पुन्हा तसंच वारं आलं, तसाच पाऊस आला. एक तणावा तुटला, दोन खुंट्या उपटल्या. आम्ही छत्र्या आणि बॅटऱ्या घेऊन प्रत्येक तंबूपाशी गेलो, खुंट्या परत ठोकल्या. एका तंबूतून बाईंनी चेन थोडी उघडून विचारलं, “सगळं ठीक आहे ना ताई?” आत त्यांची दोन्ही मुलं झोपली होती. अंथरूण कोरडं होतं.

तेव्हा मैत्रिणींनो, दुकानात जाल तेव्हा मोजपट्टी आणि बॅटरी सोबत न्या. आतून किती फूट आहे, कापडं दोन आहेत का, पाण्याचा आकडा किती, शिवणीवर पट्टी आहे का, काठी किती जाड, तळ शिवलेला आहे का, सुटे भाग मिळतात का आणि परत घेतील का, एवढे आठ प्रश्न विचारा. दुकानदार कंटाळला तरी विचारा. रात्री त्यात आपली मुलं झोपणार आहेत, किंवा आपल्या भरवशावर आलेली दुसऱ्या कुणाची तरी.

आजच्यापुरतं एवढंच.